आपलं झालं की शेजारी बघ

प्रिय दादा,

"सोळा वर्षांच्या घोडीला परीक्षेच्या हॉलमध्ये खुर्ची उचलून दुसऱ्याच्या शेजारी जाऊन बसू नये, एवढंही कळू नये? मग सात वर्षं तू तिला शिकवलंस तरी काय?" परवा फोनवर तू हे विचारलंस, मागे तुमच्या बंदरातला भोंगा वाजला आणि तू फोन ठेवलास. तेव्हापासून मी या प्रश्नाचं उत्तर शोधते आहे आणि मला ते सापडलेलं नाही. काय काय शिकवलं त्याची यादी देता येईल, ती लांबलचक आहे. पण हे एक का राहून गेलं, याला माझ्याकडे खरंच उत्तर नाही. तेवढं कबूल करून टाकते, कारण बाकी कुठल्याही गोष्टीसाठी मी मान खाली घालणार नाहीये. फोनवर तू ओरडतोस, मी रडते, आणि त्या तुझ्या घोडीच्या, गोटीच्या हातात फोन गेला की आपण दोघंही एकदम साखरेत घोळल्यासारखे बोलायला लागतो. म्हणून पत्र लिहिते आहे. क्रेनवर चढायच्या आधी वाचू नकोस, खाली उतरल्यावर वाच.

वहिनीने तुला जे सांगितलं ते घाईत सांगितलं, म्हणून आधी नीट सांगते. बाहेरून परीक्षा देणाऱ्यांसाठी वेगळं केंद्र होतं, हे तुला माहीत आहे. तिथे गोटीच्या वयाचे जेमतेम चारपाच जण. बाकी सगळे मोठे: एक गवंडी, दोन रखवालदार, मांडीवरचं मूल बहिणीकडे बाहेर देऊन आलेली एक बाई, आणि गोटीच्या उजव्या हाताला एक बस कंडक्टर. या कंडक्टरबाई पहाटेची फेरी संपवून गणवेशातच आल्या होत्या. तिकिटांची चामडी पिशवी दारात जमा करून आल्या, तरी सवयीने त्यांचा डावा हात सारखा कमरेशी जात होता, असं गोटी सांगते. गणिताचा पेपर होता. गोटीचा पाऊण तास आधी संपला. तिने तो दोनदा तपासला. मग तिने घरी जे सात वर्षं केलं तेच केलं. आपलं झालं की शेजारी बघायचं.

दादा, हा नियम मी केला होता आणि तुला तो फार आवडला होता. तिचा धाकटा भाऊ पाचर पाच वर्षांचा होता, त्याच्या बेरजा संपायला जन्म जायचा आणि गोटी लवकर आटपून खिडकीतून पाय बाहेर सोडून बसायची. तेव्हा मी म्हटलं होतं, जो आधी संपवेल त्याने ज्याचं राहिलंय त्याच्याजवळ जाऊन बसायचं. उत्तर सांगायचं नाही, वाट दाखवायची. तू सुट्टीवर आला होतास. फोटोफ्रेमच्या दुकानात काच कापणाऱ्या वहिनीला तू ओरडून सांगितलंस, "ऐकलंस का, आपल्या घरात आता मास्तरीणबाईंचं राज्य आहे, शिस्तीत राहा." त्या दिवसापासून तू मला मास्तरीण म्हणायला लागलास.

तर गोटीने शेजारी बघितलं. कंडक्टरबाई शेकडेवारीच्या एका उदाहरणापाशी अडकल्या होत्या आणि आवाज न करता रडत होत्या. गोटी उठली, स्वतःची खुर्ची उचलली (ओढली नाही, आवाज होऊ नये म्हणून उचलली, हे ती पुन्हा पुन्हा सांगते), त्यांच्या शेजारी ठेवली आणि बसली. म्हणाली, "हे बसमधल्या माणसांसारखं बघा. शंभर जण चढले, त्यातले पस्तीस बाजाराशी उतरले. आता शंभरच्या जागी साठ धरा." एवढंच. उत्तर नाही सांगितलं. कंडक्टरबाई घाबरून हातानेच जा जा करत होत्या. तेवढ्यात पर्यवेक्षक समोर येऊन उभे राहिले, आणि आपल्या गोटीने मान वर करून त्यांना सांगितलं, "एक मिनिट थांबा हं, यांचं होतंय."

पर्यवेक्षक मला नंतर व्हरांड्यात भेटले. बिचारे स्वतःच गोंधळले होते. "पंचवीस वर्षांत चोरून बोलणारे पुष्कळ पकडले, बाई," म्हणाले. "बुटात चिठ्ठ्या, बाहीवर आकडे, सगळं पाहिलं. खुर्ची घेऊन जाऊन बसणारी ही पहिलीच. मला वाटलं तीच पर्यवेक्षक आहे." मी हसले, मग मला रडू आलं. त्यांनी दोघींचे पेपर काढून घेतले होते. नियमच तसा होता, त्यांचा काही दोष नाही.

आता तू म्हणालास तिथे येते. तू म्हणालास, मी मुलांना जगाबाहेर ठेवलं. हुशार केलं आणि बावळट केलं. दादा, मुलांना शाळेतून काढलं कोणी? मी नाही. तुझं काम दर वर्षी नव्या जागी. कधी पूल, कधी धरण, कधी गोदी. गोटी चौथ्या शाळेत गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि त्या शाळेने तिला दोन इयत्ता खाली बसवलं, कारण त्यांची पुस्तकं वेगळी होती. ती घरी बोलेनाशी झाली होती. एका दुपारी तू तिचा हात धरून घरी आलास, दप्तर माझ्यासमोर टेबलावर ठेवलंस आणि म्हणालास, "तू पदवीधर ना? मग शिकव." मी नुकतीच पास झाले होते, नोकरीसाठी अर्ज लिहीत बसले होते. तो अर्ज मी घडी करून वहीत ठेवला. कुरकुर केली नाही आणि आजही करत नाही. त्यानंतर तू एकटाच कामावर जायला लागलास आणि आम्ही इथे या फ्रेमच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत थांबलो.

आणि जगाबाहेर? आमचे गुरुवार तुला ठाऊक नाहीत असं नाही. दर गुरुवारी घरातली मोठ्या माणसांची कामं मुलांनी करायची आणि मी फक्त मागे उभी राहायची. विजेच्या ऑफिसात तक्रार, पार्सल, दवाखान्यात स्वतःचं दुखणं स्वतः सांगणं. गोटीने तेराव्या वर्षी दुकानाचा भाडेकरार मोठ्याने वाचून काढला आणि मालकाला विचारलं, "यात लिहिलंय तुम्ही केव्हाही आत येऊ शकता. मग आम्हीपण तुमच्याकडे केव्हाही येऊ का?" मालकाने वहिनीकडे पाहिलं, वहिनी काच पुसत राहिली, आणि शेवटी त्याने स्वतःच्या हाताने तिथे 'आधी सांगून' असं घातलं. दाताच्या डॉक्टरला तिने विचारलं होतं, "हा दात तुमचा असता तर तुम्ही काढला असता का?" डॉक्टर थांबला, पुन्हा बघितलं, आणि दात राहिला. पाचरला एकदा रांगेत उभं केलं, तर जो कोणी "मला घाई आहे रे" म्हणेल त्याला हा पुढे सोडत गेला. तीन तास उभा राहिला आणि खिडकी बंद झाली. बाहेर येऊन मला म्हणाला, "आत्या, घाई सगळ्यांनाच असते." त्या दिवशी तो रांग शिकला. मी मध्ये पडले असते तर दहा मिनिटांत काम झालं असतं आणि तो काही शिकला नसता.

गोटीला कोन मोजता येतात, कारण वहिनीबरोबर तिने चारशे फ्रेमचे कोपरे कापले आहेत आणि कोपरा केसाएवढा चुकला तरी फट दिसते. जमीनमोजणी शिकवणाऱ्या संस्थेत जायचं हे तिचं तिने ठरवलं. तिथल्या साहेबांना पत्र तिने लिहिलं, भेटायला बस बदलून एकटी गेली, आणि त्यांनी तिची जागा निकालापर्यंत धरून ठेवली. दादा, असं किती मुलं करतात? तू म्हणशील, पण परीक्षेत गप्प बसायचं बाकीच्या मुलांना कळतं. हो, कळतं. पहिलीपासून शेजारी बघितलं की पट्टी बसते, म्हणून कळतं. माझ्या मुलांना कोणी पट्टी मारली नाही आणि मी सांगायला विसरले. फॉर्म भरायला शिकवला, ओळखपत्र कसं जपायचं, दोन पेनं कशी न्यायची, पाण्याची बाटली कुठे ठेवायची, सगळं शिकवलं. शेजारी कोणी रडत असलं तर रडू द्यायचं आणि आपण समोर बघत बसायचं, हे यादीत घालायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या संध्याकाळी मी तिला समजावलं. परीक्षा कशासाठी असते, प्रत्येकाला एकट्याला काय येतं ते बघण्यासाठी असते, म्हणून तिथे मदत केली तर सगळं मोजमापच बिघडतं, असं सांगितलं. मोजमाप म्हटल्यावर तिला लगेच पटलं. म्हणाली, "म्हणजे मी चुकले. मग जेवढं चुकले तेवढं लिहून देते." मला वाटलं होतं ती रडेल. रडले ते मीच. ती उठून पाचरचा अभ्यास घ्यायला गेली.

गुरुवारी आम्ही परीक्षा मंडळाच्या ऑफिसात गेलो. लांबट खोली, आठ टेबलं, त्यातल्या तीन टेबलांवर माणसं. कारकून भला माणूस होता. त्याने छापील फॉर्म पुढे सरकवला आणि म्हणाला, "पालकांनी इथे, मुलीने इथे. सही करा आणि मोकळ्या व्हा." अर्जात पालक म्हणून तूच माझं नाव घातलं होतंस, तू इथे नसतोस म्हणून. मी फॉर्म वाचला. दादा, एकच वाक्य आहे, पण ते तुला कोणी वाचून दाखवलेलं नाही. 'मी व शेजारील उमेदवार यांनी संगनमत करून उत्तरांची देवाणघेवाण केली, याबद्दल मी क्षमा मागते.' खाली कंडक्टरबाईंचा बैठक क्रमांक आधीच भरलेला.

मी म्हटलं, असं झालेलंच नाही. कारकून म्हणाला, "छापील मजकूर आहे हो, मी थोडाच लिहिलाय." मग त्याने नीट समजावून सांगितलं आणि त्याबद्दल मी त्याची आभारी आहे. यावर सही केली की गोटीला अठराच्या आतली म्हणून सवलत. तीन महिन्यांनी पुन्हा परीक्षा, आणि मोजणीची संस्था तेवढं थांबते. कंडक्टरबाई मात्र मोठ्या; सवलत नाही. त्या फॉर्मवरून त्यांचा गुन्हा शाबीत होतो आणि दोन वर्षं त्यांना कुठल्याच परीक्षेला बसता येत नाही. आणि गोटीने एकटीनेच केलं, असं लिहून दिलं तर? मग बाई सुटतात, त्यांचा पेपर तपासतात. पण गोटीने मुद्दाम नियम मोडला असं धरतात, माफीची सवलत जाते आणि पूर्ण वर्ष बाद. कारकुनाने चष्मा काढला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, सगळे सही करतात. त्या बाई तुमच्या कोण लागतात?"

परवा तू अगदी हेच शब्द वापरलेस. त्या बाई आपल्या कोण लागतात.

कोणी लागत नाहीत. शनिवारी त्या दुकानात आल्या तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. पत्ता पर्यवेक्षकांकडून काढला होता. वहिनीला वाटलं गिऱ्हाईक आहे, तिने विचारलं, फोटो केवढा आहे. बाई म्हणाल्या, "फोटो नाही, तुमची पोरगी बघायला आले." वहिनीचा चेहरा असा झाला, जणू त्या स्थळच घेऊन आल्यात! बसा म्हटलं तर बसेनात. सोळा वर्षं बसमध्ये उभ्या राहून गुडघे गेलेत, पण बसलं की पुन्हा उठताना जास्त दुखतं म्हणाल्या. डेपोत नियंत्रकाची जागा रिकामी होते आहे. खिडकीपाशी टेबल, खुर्ची, गाड्यांच्या वेळा लिहायच्या. काम त्यांना झोपेतही येईल, फक्त हे एक प्रमाणपत्र पाहिजे. तीन वर्षं त्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, गाडीच्या मागच्या सीटवर बसून अभ्यास करत होत्या. ड्रायव्हर त्यांना पाढे विचारायचा. हे सगळं सांगून गोटीला म्हणाल्या, "तू सही कर गं पोरी. तुझं वय आहे. मला काय, उभं राहायची सवय आहे."

गोटी काऊंटरमागे सँडपेपर घासत होती. तिने हात थांबवला आणि म्हणाली, "पण काकू, तुम्ही मला बोलावलंच कुठे होतं? तुम्ही तर जा म्हणत होतात." बाई म्हणाल्या, "ते तुला माहीत आणि मला माहीत." गोटी म्हणाली, "मग आणखी कोणाला माहीत व्हायला पाहिजे? त्यांना मी लिहून देते." आणि तिने त्यांना विचारलं की ते साठाचं उदाहरण शेवटी सुटलं का. बाई हसल्या, अगदी मनापासून. एकवीस आलं होतं म्हणे, पण लिहायच्या आत कागद गेला.

त्यानंतर दोन दिवस वहिनी माझ्याशी बोलली नाही. काच कापायची आणि तुकडे डब्यात जरा जोरातच टाकायची. मी विचारलं, वहिनी, तुझं काय म्हणणं आहे ते तरी सांग. ती म्हणाली, "मला नका विचारू. मी आई आहे, मी खोटं बोलेन." असं म्हणून तिने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि आत जाऊन पडली. दादा, माझ्या सगळ्या शिक्षणात इतकं खरं वाक्य मी ऐकलं नव्हतं. तू परवा ओरडलास तोही बाप म्हणून ओरडलास, हे मला समजतं. तुला वर्ष दिसतं, जागा दिसते, मुलगी दिसते. तुझ्या जागी मी असते तर मीही भोंग्याच्या आवाजावर आवाज चढवला असता.

पण तू म्हणालास, "एका सहीने काय होतं?" आणि तिथे मी गप्प झाले. तुला वाटलं मला पटलं. मला पटलं नव्हतं, दादा. एका सहीने काय होतं ते मला माहीत आहे. हे मी आठ वर्षं कोणाला सांगितलेलं नाही, तुला तर नाहीच.

माझ्या कॉलेजच्या ग्रंथालयात एक बाई होत्या, पुस्तकं देणाऱ्या. आपल्या घरात तेव्हा एकही पुस्तक नव्हतं आणि शेवटची बस साडेपाचला होती, हे त्यांनी माझ्याकडून एकदा काढून घेतलं. त्यानंतर दर शनिवारी त्या संदर्भाचे जाडजूड ग्रंथ, जे बाहेर द्यायचे नसतात ते, एका जुन्या पडद्यात गुंडाळून मला द्यायच्या. सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी मी ते परत ठेवायचे. दोन वर्षं असं चाललं. तुम्ही सगळे म्हणायचात ना, पोरगी रविवारी डोकं वर काढत नाही? ती तीच पुस्तकं होती. शेवटच्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर एका रविवारी अचानक तपासणी झाली आणि तीन ग्रंथ जागेवर सापडले नाहीत. सोमवारी ग्रंथालयात नेहमी येणाऱ्या सगळ्यांसारखं मलाही ऑफिसात बोलावलं. ग्रंथ माझ्या पिशवीतच होते, पिशवी माझ्या पायाशी. टेबलावर एक कागद लिहून तयार होता: 'मी या ग्रंथालयातून संदर्भग्रंथ कधीही घरी नेलेले नाहीत.' शेजारी माझं परीक्षेचं प्रवेशपत्र. सही केली की ते मिळणार होतं. खरं सांगितलं तर मिळणार नव्हतं. त्या बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं, आणि मी आत आल्यावर त्या खिडकीतून बाहेर बघायला लागल्या, मला जड जाऊ नये म्हणून.

मी सही केली. मग ग्रंथालयातल्या एका बाकाखाली ते तीन ग्रंथ ठेवून आले. ते सापडलेही, पण तोपर्यंत ग्रंथ बाहेर पाठवल्याचा ठपका त्यांच्यावर बसला होता, आणि कोणासाठी पाठवले ते त्यांनी सांगितलं नाही म्हणून चोरीचाच संशय धरला. महिन्याभरात त्यांना काढून टाकलं. मी परीक्षा दिली. निकाल लागला त्या दिवशी तू धरणावर क्रेनच्या केबिनमधून खाली ओरडून सगळ्यांना सांगितलंस की माझी बहीण पदवीधर झाली. तुझ्या दोस्तांनी मला आठवडाभर तेच ऐकवलं. मी हसत होते, आणि प्रत्येक वेळी मला खिडकीतून बाहेर बघणारी ती पाठ दिसत होती. तू शाळा सोडून कामाला लागलास म्हणून मी शिकले, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या बाईंमुळेही शिकले, हे फक्त मला माहीत होतं.

तू विचारतोस, मुलं मोठी झाल्यावर बाहेर कशी निभावतील. मी सात वर्षं याच काळजीने त्यांना गुरुवार गुरुवार बाहेर नेलं. आता मला विचारशील तर मला गोटीची काळजी उरलेली नाही. तिला एक नियम माहीत नव्हता, तो एका संध्याकाळी कळला आणि तिने मान्य केला. मी शाळा शिकले, कॉलेज शिकले, परीक्षेत गप्प कसं बसायचं ते पहिलीपासून शिकले, आणि मला त्या ऑफिसात तोंड उघडता आलं नाही. तिला उघडता येतं. हे बावळटपण असेल तर ते मी शिकवलंय आणि मला त्याची लाज वाटत नाही. वर्ष गेलं तर जाईल. मोजणीच्या साहेबांना तिने स्वतः कळवलंय, जे झालं ते सगळं, खुर्चीसकट. ते थांबतील की नाही माहीत नाही. नाही थांबले तर ती पुढच्या वर्षी पुन्हा बस बदलून जाईल.

आता हे पत्र का लिहिलं ते. तुझी परवानगी मागायला नाही, कारण ती वेळ गेली. काल सकाळी मी आणि गोटी मंडळाच्या ऑफिसात गेलो आणि छापील फॉर्म कोरा परत दिला. त्याऐवजी तिने तिच्या अक्षरात लिहिलेला अर्ज दिला: मी आपणहून उठले, शेजारच्या बाईंनी मला बोलावलं नव्हतं, त्या मला जा म्हणत होत्या, नियम मी मोडला आणि शिक्षा मला मान्य आहे. त्याखाली पालक म्हणून मी सही केली. कारकून म्हणाला, "वर्ष गेलं हं मुलीचं," आणि शिक्का मारला. गोटीला मी तिथूनच दुकानात पाठवलं आणि एकटी दुसऱ्या बसने माझ्या कॉलेजात गेले. आठ वर्षांपूर्वीचा तो कागद खोटा आहे, ग्रंथ माझ्याकडे होते आणि ते चोरीला गेलेले नव्हते, त्या बाईंनी ते एका मुलीला अभ्यासाला दिले होते, असं लिहून प्राचार्यांच्या ऑफिसात दिलं. एक प्रत विद्यापीठाला पाठवली, आणि एक त्या बाईंना, त्यांच्या पत्त्यावर. तो मला पाच वर्षांपासून माहीत होता. याचं काय होईल ते मला सांगता येत नाही. पदवी काढून घेतील, चौकशी लावतील, किंवा एखाद्या कपाटात टाकून देतील. घरात कधीतरी जाड पाकीट येईल, आणि ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये. ती पदवी जितकी माझी तितकी तुझी होती. तुला न विचारता मी ती पणाला लावली. दोन्ही ऑफिसांतून पोच घेतली आहे.

तुझीच, रागावलास तरी तुझीच,
मास्तरीण